लवंगेचा लाल, वेखंडाचा पांढरा

शहाद्यात थंडी ती केवढीशी! दिवाळी झाली की पहाटे केळीच्या बागांकडून थोडा गारवा येतो, संक्रांतीपर्यंत रेंगाळतो, आणि मग ऊन असं तापतं की लोकरीकडे नुसतं बघूनच घाम फुटावा. अशा गावात सुमेरमलजींच्या घरात एक अख्खं लोखंडी कपाट लोकरीनं भरलेलं होतं. येणारा-जाणारा ते बघून हसायचा. भूरीबाईंना त्याचं काही वाटायचं नाही. "लोके सोनं ठेवतस, मी लोकर ठेवस," म्हणायच्या आणि सुया चालवत राहायच्या.

घरात मारवाडी आणि बाजारात अहिराणी अशी या कुटुंबाची रीत, पण लग्न होऊन चाळीस वर्षं झाल्यावर भूरीबाईंच्या जिभेवर अहिराणीच पक्की चढून बसली होती. सुमेरमलजी आणि मुलगा रिषभ सकाळी बी-बियाण्याच्या दुकानात जायचे ते दिवेलागणीला परत. दुपार सगळी भूरीबाईंची. गल्लीत असं एक पोर नव्हतं ज्याच्या डोक्याला त्यांच्या हातचं टोपरं लागलं नाही, मग ते मारवाड्याचं असो, पाटलाचं असो की मागच्या भिंतीपलीकडच्या हाजराबीच्या घरातलं असो. हाजराबी स्वतः क्रोशानं जाळीच्या टोप्या विणायची. रोज तीनच्या सुमाराला ती आपला दोरा घेऊन यायची आणि दोघी पाचपर्यंत हात आणि तोंड दोन्ही चालवायच्या.

कपाटाची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या कपाटानंच केलं.

लोकरीला कसर लागते. इतर घरांत डांबराच्या गोळ्या टाकतात, कसर मरते, विषय संपतो. जैनांच्या घरात तसं चालत नाही. कसर झाली तरी जीवच. तिला मारायचं नाही, तिनं आपल्या पायांनी दुसरीकडे जावं एवढी सोय करायची. भूरीबाईंच्या सासूनं ती सोय शिकवली होती. जुन्या धोतराच्या पोटल्या शिवायच्या, त्यात लोकर भरायची आणि सोबत तीव्र वासाचं काहीतरी ठेवायचं. एका पोटलीत एकच वस्तू, म्हणजे वासांची खिचडी होत नाही. लाल लोकरीत पहिल्यांदा लवंगा पडल्या, मग दर वर्षी लवंगाच पडत गेल्या. पांढऱ्यात वेखंड, हिरव्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला, काळ्यात मिरी, निळ्यात ओवा. मरूनच्या वाट्याला दालचिनी आली आणि जांभळ्याला सुंठ. यात कुठलंही शास्त्र नव्हतं. हाताला जे लागलं ते टाकलं आणि मग तीच वहिवाट झाली.

पण दोन वर्षांपूर्वी भूरीबाईंच्या डोळ्यांत काहीतरी बिघडलं. आधी पोथीतली मधली अक्षरं गळायला लागली. मग समोरच्या माणसाचं तोंड पुसट झालं, जणू काचेवर कुणी मधोमध अंगठा घासला होता. कडेकडेचं दिसायचं, त्यामुळे चालताना ठेच लागत नव्हती, चहा कपातच पडायचा. पण जिथे नजर लावावी नेमकं तिथेच काही नाही. रंगही विटले. फिकट आणि गडद एवढं कळायचं. मरून, जांभळा, काळा, निळा हे सगळे एकाच आईची लेकरं झाले. हाजराबीला घेऊन त्या नंदुरबारला एका शिबिरात गुपचूप डोळे दाखवून आल्या. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता, डॉक्टर म्हणाला, पण हा आतला पडदाच झिजलाय. जे गेलं ते परत येणार नाही. परतीच्या एसटीत प्रकाशा गावाजवळचा पूल आला, तेव्हा भूरीबाईंनी तो कागद खिडकीतून तापीत सोडला. हाजराबीला शपथ घातली.

एवढं लपवायचं कशाला, असं कुणीही विचारेल. हाजराबीनं विचारलंच होतं.

त्याला कारण होतं, आणि ते भूरीबाईंना आतून बोचायचं. त्यांच्या सासूचीही नजर अशीच गेली होती. म्हातारी रोज ओट्यावर बसून घरभराचं धान्य निवडायची. एक दिवस तिच्या निवडलेल्या मुगात जिवंत किडा निघाला. तेव्हा विशीतल्या भूरीबाईंनी, अगदी प्रेमानं, तिच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा, मी करते." चूक काय होती त्यात? जीव पोटात जायला नको, हे तर खरंच. पण त्या दिवसापासून म्हातारी नुसती बसली. मग तिच्याकडून भाजी गेली, ताक घुसळणं गेलं, विणकामाच्या सुया गेल्या, कारण टोचतील. लोक तिच्याशी मोठ्यानं बोलायला लागले, जसे काही कानही गेले होते. सूप हातातून गेलं तेव्हाचा तिचा चेहरा भूरीबाईंना अजून स्पष्ट दिसायचा, बाकी काही दिसलं नाही तरी.

म्हणून त्यांनी मूठ झाकून ठेवली. निवडण-टिपण "आता तू शिक बाई" म्हणून नव्या सुनेकडे ढकललं. पोथी "चष्मा सापडत नाही" म्हणून बाजूला ठेवली. आणि विणकाम? ते तर हातांचं काम. टाके बोटांना पाठ होते आणि रंग नाकाला. पोटली उघडायची, वास घ्यायचा, दालचिनी आली की मरून. दोन वर्षं कुणाला संशयसुद्धा आला नाही. कसरीसाठी केलेली सोय भूरीबाईंच्या कामी आली होती.

या फाल्गुनात रिषभचं लग्न झालं आणि नाशिकहून चांदनी घरात आली. मराठी शाळेत शिकलेली, चुणचुणीत, बोलायला गोड आणि कामाला वाघ. सासूबाईंना ती मम्मीजी म्हणायची, त्या तिला कधी बिनणी, कधी बेटा. भूरीबाईंच्या मनात एक होतं: घरात आलेल्या सुनेच्या अंगावर पहिल्या थंडीत सासूच्या हातचा स्वेटर पडला पाहिजे. चांदनीला न सांगता त्यांनी मरून लोकर काढली, पाठ विणून पूर्ण केली आणि तिच्याच टाक्यांवर पुढचा भाग घेणार, तेवढ्यात खापर गावी भाऊ चुनीलालच्या नातवाची सगाई आली. तीन दिवसांसाठी त्या तिकडे गेल्या. उरलेली लोकर पोटलीत परत ठेवली आणि अर्धा स्वेटर पलंगाखालच्या पिशवीत दडवून गेल्या.

तीन दिवस म्हणजे काही फार नाही. पण घरात हौशी सून असेल तर तीन दिवसांत राज्य बदलतं.

परत आल्यावर पाय धुतात न धुतात तोच चांदनीनं त्यांचा हात धरून कपाटापुढे उभं केलं. "डोळे मिटा, मम्मीजी. आता उघडा!"

भूरीबाईंनी उघडले. मिटलेले काय, उघडे काय, समोर धूरच होता. पण नाकाला एकदम काहीतरी उणं जाणवलं. लवंग नाही. वेखंड नाही. त्यांनी हात पुढे केला तर बोटांना गार, गुळगुळीत प्लास्टिक लागलं. एकावर एक रचलेले डबे, सगळे एका मापाचे.

"आरपार दिसतं सगळं," चांदनी आनंदानं सांगत होती. "त्या पोटल्यांमध्ये कुठं काय आहे कळत नव्हतं ना. मी मोबाईलवर बघितलं, लोकर कशी लावायची ते. सगळी उन्हात घातली, गोळे नव्यानं गुंडाळले, रंगानुसार लावले, फिक्याकडून गडदकडे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे. आणि पोटल्यांमध्ये केवढा पालापाचोळा साचला होता मम्मीजी! लवंगा तर अगदी भुसा झालेल्या. सगळा काढून टाकला. आता या सुगंधी पुड्या ठेवल्यात, मागवून घेतल्या. त्यांनीही कसर येत नाही, आणि मरतही नाही, मी नीट वाचून घेतलंय."

हे शेवटचं तिनं मुद्दाम सांगितलं होतं. पोरगी जैनाचीच, जीव मरू नये याची काळजी तिलाही होती. भूरीबाईंनी एक डबा उघडून वास घेतला. कसल्या तरी परदेशी फुलाचा वास. दुसरा उघडला, तोच वास. तिसराही तसाच. करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते हेच.

"वाचा ना, अक्षर कसं आलंय?" चांदनीनं एक डबा त्यांच्या पुढे धरला.

"अक्षर मोतीसारखं शे," भूरीबाई म्हणाल्या. "भलतं गोड काम करं तू, बेटा." आणि तोंड धुवायच्या निमित्तानं न्हाणीत जाऊन उभ्या राहिल्या. नळ सोडला आणि पाणी वाहू दिलं. पाणी असं वाहू देणं त्या घरात कुणाला चालत नसे, त्यांना तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिय्या केला. वरून खाली डबे मोजले. फिक्याकडून गडदकडे म्हणाली होती ना पोरगी, मग मरून शेवटच्या तीन-चारांत असणार. एकाच कंपनीची, एकाच जाडीची लोकर, बोटांना सगळी सारखीच. खिडकीशी नेऊन तिरपं बघितलं, गडद होती. देवाचं नाव घेतलं आणि घेतली विणायला. चांदनी वर गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेवढ्या वेळात चार बोटं वीण झाली.

तीन वाजता हाजराबी आली. पिशवीतून डोकावणारा तुकडा तिनं बघितला आणि दारातच थबकली.

"काय वं भूरी, हाई काय करी ऱ्हायनी तू? पाठ मरून अनी पुढे जांभळा! दोन बायास्ना स्वेटर शे का?"

भूरीबाईंनी तुकडा पिशवीत कोंबला. "हळू बोल, माय."

हाजराबीला कपाट दिसलं, डबे दिसले, आणि तिला सगळं कळलं. ती खाली बसली. आपला दोरा तिनं बाजूला ठेवला.

"सांगी टाक तिले," ती म्हणाली. "सून शे, पोलीस नही."

"सांगं म्हंजे सुया गयात मन्हा हातमाईन."

त्या संध्याकाळी भूरीबाईंनी सुया पिशवीत घातल्या आणि पिशवी पलंगाखाली पार मागे सरकवली. चांदनीनं विचारलं तर म्हणाल्या, मन लागत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. दुपारी त्या नुसत्या बसू लागल्या, हात मांडीवर ठेवून. हाजराबी यायची, टोपी विणायची, पण बोलणं पहिल्यासारखं जमत नसे. हात थांबले की तोंडही अडखळतं.

घरात नवी सून असली की प्रत्येक शांततेला अर्थ चिकटतो. चांदनीनं तिचा अर्थ काढला: सासूबाई रुसल्या. आपण त्यांच्या वस्तूंना हात लावला, न विचारता त्यांच्या सासूच्या वेळच्या पोटल्या उसवल्या, म्हणून त्या बोलत नाहीत. तिनं दोनदा माफी मागितली. "पोटल्या धुऊन ठेवल्यात, मम्मीजी. परत पहिल्यासारखं लावू का? फक्त सांगा, कसं होतं." भूरीबाई काय सांगणार? वास सांगितला तर वासाचं कारण सांगावं लागणार. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. या दोन शब्दांनी पोरीचं तोंड एवढंसं झालं असणार, हे त्यांना न बघता कळलं.

इथे भूरीबाईंचं चुकलंच, आणि ते त्यांना कळत होतं. सुनेनं त्यांना रुसलेलं समजणं सोयीचं होतं. रुसलेली सासू विणत नाही, डब्याला हात लावत नाही, आणि कुणी कारण विचारत नाही, कारण सासवा रुसतातच. एका पोरीच्या जिवाला घोर लावून त्या आपलं गुपित राखत होत्या. रात्री अंथरुणावर पडल्या की हे त्यांना खायचं, आणि सकाळी उठून त्या पुन्हा तेच करायच्या.

आठव्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या, तेव्हा चांदनी पाठमोरी उभी राहून फुलके लाटत होती आणि नाक ओढत होती. दुसऱ्या घरात सून सांगते, कांदा चिरत होते. या घरात कांदा उंबऱ्याच्या आत येत नाही. पोरीला रडायला साधा बहाणासुद्धा नव्हता.

"सर्दी झालीये," चांदनी म्हणाली.

त्याच सकाळी, दुकानात जायच्या आधी जेवताना, रिषभनं सांगितलं, चांदनी चार-आठ दिवस नाशिकला जाऊन येते म्हणतेय, दुपारी चारच्या गाडीनं. सुमेरमलजी म्हणाले, जाऊ दे, माहेरची आठवण येणारच. दुपारी हाजराबी आली तेव्हा भूरीबाईंनी तिला हे सांगितलं, आणि हाजराबीनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना झापलं.

"चार दिन म्हंतस, पन मन खट्टं करीसन जाई ऱ्हायनी ती. तू तुन्हा सुया संभाळ. पोर गयी घरमाईन तं बस मंग सुया लिसनी!" आणि दोरा गुंडाळून ती उठून गेली. तीनचे पाच व्हायच्या आधी ती कधी उठली नव्हती.

भूरीबाईंनी पलंगाखाली वाकून पिशवी ओढली आणि त्या चांदनीच्या वरच्या खोलीत गेल्या.

चांदनी बॅगेची चेन लावत होती. तिनं सासूबाईंना बघून पलंगावर जागा केली. दोघी बसल्या. भूरीबाई शब्द जुळवत होत्या, पण चांदनीच आधी बोलली.

"मम्मीजी, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"इचार."

"मी तुम्हाला पहिल्यापासूनच आवडले नाही ना?" तिनं बॅग बाजूला सरकवली. "लोकरीचं सोडा, ती माझी चूकच झाली. पण त्याच्या आधीपासून. आठ महिने झाले, तुम्ही माझ्याशी बोलताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी समोर बसते आणि तुम्ही भिंतीकडे बघून बोलता. मी यांना विचारलं, तर म्हणाले, काहीतरीच, आई अशीच आहे. पण मला कळतं ना. म्हणून मी ते कपाट लावलं. वाटलं, तुमच्या जीवाजवळचं काहीतरी छान करून दिलं, तर तुम्ही एकदा तरी माझ्याकडे बघाल."

दोन वर्षं भूरीबाईंनी चहाच्या कपापासून पोथीपर्यंत सगळं झाकलं होतं. हे झाकायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. चाळीस वर्षं सोबत राहिलेल्या नवऱ्याला जे दिसलं नाही, पोटच्या पोराला दिसलं नाही, ते या परक्या घरून आलेल्या मुलीला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. फक्त उलटं दिसत होतं.

"बेटा," त्या म्हणाल्या, आणि मग सगळं एकदम बाहेर आलं, "तुन्हाकडे सरळ देखं का तू दिखसच नही. मधमा धूर शे. भिंतकडे देखं का मंग तू कडेले दिखस, थोडी थोडी. माले तुले देखनं ऱ्हास, म्हनीसन मी भिंतकडे देखस."

चांदनीला कळायला वेळ लागला. भूरीबाईंनी वेळ दिला नाही, कारण थांबल्या असत्या तर पुन्हा बोलवलं नसतं. शिबिर सांगितलं, पडदा सांगितला, तापीत सोडलेला कागद सांगितला. लवंगेचा लाल आणि वेखंडाचा पांढरा सांगितला. मग सासूचं सूप सांगितलं, आणि ते सांगताना त्या रडल्या. शेवटी लग्नाचा दिवस सांगितला. मुंहदिखाईला सगळ्या बायका गोल बसल्या होत्या, भूरीबाईंनी सुनेचा घूंघट वर केला आणि हातात सोन्याची बांगडी घातली. बायका म्हणाल्या, चांद आणला गं भूरीबाई, चांद. त्यांनी पण म्हटलं, चांद. त्यांना तेव्हा लाल ओढणीच्या मधोमध नुसता धूर दिसला होता. ज्या तोंडासाठी बांगडी दिली, ते तोंड त्यांनी आजपर्यंत नीट पाहिलेलं नव्हतं.

बोलणं संपलं आणि भूरीबाई वाट बघू लागल्या. आता ती म्हणणार, अरेरे. मग म्हणणार, तुम्ही बसा, मी करते. त्यांनी स्वतः म्हटलं होतं, तेही प्रेमानंच म्हटलं होतं, त्यामुळे ते कसं ऐकू येणार हे त्यांना पाठ होतं.

चांदनी उठली. खोलीत दोन-तीन पावलं वाजली.

"मग मी कुठं बसू?" तिनं विचारलं.

"काय?"

"म्हणजे दिसेन अशी. इथं? खिडकीच्या बाजूला?"

भूरीबाईंना हसावं की रडावं कळेना. "जरा डाव्या अंगले. अजून. मांगे सरक थोडी. हां. आते हालू नको."

त्यांनी नजर समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्यावर रोवली. डोळ्याच्या कडेला, दुपारच्या उजेडात, हळूहळू एक मुलगी उमटायला लागली. आधी केसांची बट. मग कान, त्यातली बारकी बाळी. गाल, रडून सुजलेला. हनुवटी. भूरीबाईंनी नजर खिळ्याच्या इंचभर वर धरली, तशी मधली बाजू आली. आठ महिने ज्या घरात एकत्र जेवल्या, एकत्र देवळात गेल्या, तिथे आज पहिल्यांदा त्या सून बघत होत्या आणि त्यांना घाई करायची नव्हती.

"दिसले?" चांदनीनं न हलता विचारलं.

"दिखनी." भूरीबाईंनी अजून थोडं बघून घेतलं. "नाक जरा मोठं शे तुन्हं."

मग चांदनी जी हसत सुटली ती थांबेचना, हसता हसता रडली, आणि रडता रडता म्हणाली, "बघायला आलेल्या सगळ्यांनी चांद म्हटलं, मम्मीजी. खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या."

खाली रिषभनं मोटारसायकलचा हॉर्न वाजवला. बसची वेळ झाली होती. चांदनी खिडकीत गेली आणि ओरडली, "बस जाऊ द्या! मी नंतर जाईन!" खालून त्यानं काहीतरी विचारलं, तिनं उत्तर न देता खिडकी लोटून घेतली. मग परत येऊन हळू आवाजात म्हणाली, "यांना आणि पप्पाजींना तुम्ही सांगाल तेव्हाच. मी नाही सांगणार."

भूरीबाईंनी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. चांदनीनं अर्धा स्वेटर बाहेर काढला, अंगाला लावून बघितला, आणि तिला कळलं तो कुणाचा आहे. स्वेटरच्या पाठीवरून ती हात फिरवत राहिली. मग तिची बोटं पुढच्या भागावर आली.

"हे जांभळं आहे, मम्मीजी. चार बोटं."

"ठाऊक शे. उसव."

"राहू द्या ना. मला चालेल."

"माले नही चालनार. आंधळी शे, गबाळी नही," भूरीबाई ठसक्यात म्हणाल्या. आंधळी हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच तोंडानं उच्चारला होता, आणि घर जागच्या जागी होतं.

चांदनीनं सुई काढली आणि धागा ओढायला लागली. जांभळी लोकर वळवळत बाहेर येऊ लागली, भूरीबाई ती मुठीवर गुंडाळत गेल्या. जांभळं संपलं, मरूनची पहिली किनार आली, आणि कडेचे टाके सुईवाचून मोकळे लोंबायला लागले. एक टाका निसटला. त्याच्या खालचाही निसटायच्या बेतात होता. असे मोकळे टाके डोळसालाही सापडत नाहीत, ते बोटांनाच सापडतात. चांदनीनं तो तुकडा जपून उचलला, आणि सुयांसकट सासूबाईंच्या हातात दिला.

"हे तुम्हीच करा, मम्मीजी," ती म्हणाली. "मला नाही जमणार."

ती जाऊन खिडकीच्या डाव्या अंगाला, सांगितलेल्या जागी बसली. भूरीबाईंनी सुया धरल्या, तोंड भिंतीकडे वळवलं, आणि सुनेला पोटभर बघत एकेक टाका उचलायला लागल्या.